खोक्यातले कोरे कार्ड

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारा, वय सत्तावीस, शिक्षण आठवी नापास, धंदा शिलाई मशीन दुरुस्ती, तोही एकट्याने, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड हृदयाच्या झडपेत आहे आणि तिचे ऑपरेशन गुरुवारी आहे. डॉक्टर म्हणाले, "शंभरातले अठ्ठ्याण्णव जण आपल्या पायांनी घरी जातात." हे लिखाण उरलेल्या दोघांसाठी आहे. माझ्यावर कोणीही जबरदस्ती केलेली नाही. उलट दादा म्हणाला, "अभद्र काहीतरी लिहीत बसू नकोस." तरी लिहितो. जिथे शब्द अडला तिथे शब्दकोश पाहिला आहे.

कलम १. जिन्याखालचे दुकान भाड्याचे आहे, ते मालकाला परत जाईल. बँकेत जे आहे ते आईचे. तिने ते दादाच्या सल्ल्याने कशातही गुंतवू नये.

कलम २. शब्दकोश दादाला. माझ्या दुकानाची पाटी त्याने हौसेने रंगवली, तीत 'दुरुस्ती' हा शब्द चुकला आहे. चार वर्षे रोज कुलूप उघडताना पाहिला आणि गप्प बसलो. आता सांगितले, मन मोकळे झाले.

कलम ३. हत्यारे, तेलाच्या कुप्या, सुटे भाग आणि बुटांचे एक खोके धाकट्या बहिणीला. बाकी सगळे गेले तरी चालेल, खोके जाता कामा नये. त्यात दोनशे पंधरा कार्डे आहेत. प्रत्येकावर गिऱ्हाइकाचा फोन, मशीन कोणते, शेवटचा बिघाड काय, पुढचा फोन कधी, आणि तळाला एक ओळ: 'काय विचारायचे'. मुलाची परीक्षा, घराची गळती, नवीन चष्मा, असे काहीही.

रोज अकरा ते बारा या वेळात तीन फोन करायचे. सुट्ट्या धरून तीन महिन्यांत फेरी पूर्ण होते. फोनवर मशीनचा विषय आपण काढायचा नाही. तळाची ओळ विचारायची, ऐकायचे, फोन ठेवायचा. समोरचा निम्म्या वेळा म्हणतोच, "अरे, बरा फोन केलास, टाके सुटतायत रे." नाही म्हणाला तरी चालते. दादा म्हणायचा, "काम नसताना फोन करतोस, लोकांना वाटेल उपाशी आहे." पण मोठ्या रस्त्यावर आठ कारागिरांचे दुकान असताना माझे जिन्याखालचे दुकान चालले ते या एका तासावर. त्या दुकानदाराने निरोप पाठवला होता की यादी दे, हवे ते माग. त्याला यादी मुळीच देऊ नये. तो सगळ्यांना एकच निरोप पाठवेल.

धाकटीस सूचना: ऐकलेले त्याच दिवशी कार्डावर लिहावे आणि नीट लिहावे. पडदे शिवणाऱ्या काकूंच्या कार्डावर मी 'गुडघा' लिहिले होते. दीड वर्ष दर फेरीला विचारत होतो, "काकू, गुडघा कसा आहे?" त्या म्हणायच्या, "बरा आहे हो." शेवटी एकदा म्हणाल्या, "अरे बाळा, गुडघा माझा नाही, माझ्या जावेचा. पण तू इतक्या काळजीनं विचारतोस, तुझं मन कसं मोडू? मी आपली दर वेळी तिला विचारून ठेवते." त्या दोघी जावांचे आधी बोलणे नव्हते. आता आहे. तरीही चूक ती चूक.

कलम ४. हे लिहायला जड जात आहे. खोक्यातली अकरा कार्डे निळी आहेत, ती माझी नाहीत. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्या उस्तादांच्या दुकानात भिंतीवर पेन्सिलने गिऱ्हाइकांचे नंबर लिहिलेले असत. एका बॉबिनच्या पेटीवरून आमचे भांडण झाले. दुसऱ्या दिवशी ते जेवायला गेले असताना मी अकरा नंबर उतरवून घेतले आणि पुन्हा गेलो नाही. नंतर कळले, त्यांनी भिंतीला चुना फासून सगळे नंबर बुजवले. माझा धंदा त्या अकरा नंबरांवर सुरू झाला. ती अकरा कार्डे उस्तादांना परत द्यावीत. दोनशे पंधरावे कार्ड उस्तादांचेच आहे. त्याच्या तळाची ओळ कोरी आहे, कारण त्यांना मी फोन केलेला नाही.

कलम ५. इथपर्यंत लिहून दस्तलेखकाला दाखवले. तो म्हणाला, दोन साक्षीदार लागतील, पण ज्याला काही मिळणार तो साक्षीदार नको. शेजारचा चावीवाला लगेच तयार झाला. दुसऱ्यासाठी खोके चाळले. कोणीही आले असते. पण बोटे कोऱ्या कार्डावरच थांबत होती. आज सकाळी सव्वाअकराला फोन केला.

"कोण?"

"मी. शिलाई मशीनवाला."

"या भागात एकट्यानं काम करणारे दोघंच आहेत. त्यातला एक मी. बोल."

"तुमची सही हवी होती. माझ्या मृत्युपत्रावर."

बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला. मग म्हणाले, "चार वर्षांनी फोन केलास, तोही कामासाठी? आधी माणूस 'कसे आहात' तरी विचारतो." माझाच नियम मी मोडला होता.

अर्ध्या तासात आले. पाटीकडे पाहून म्हणाले, "शब्द चुकलाय." मी गुरुवारच्या ऑपरेशनचे सांगितले, निळी कार्डे समोर ठेवली आणि कुठून आणली तेही सांगितले. "ते मला त्याच दिवशी कळलं. पेन्सिल उलटी ठेवून गेलास," म्हणाले आणि चष्मा लावून एकेक तळाची ओळ वाचू लागले. "याला मुलगी झाली? आणि मला पत्ता नाही?"

"विचारल्याशिवाय कोण सांगतं, उस्ताद?"

"गुरुवारी तू टेबलावर असशील तेव्हा मी करतो यांना फोन. काय विचारू?"

"तळाला लिहिलंय."

त्यांनी अकराही कार्डे खिशात घातली. सबब कलम ४ मधले देणे मी जिवंतपणी, माझ्या हाताने पूर्ण केले. आता त्यांना या कागदान्वये काहीही मिळत नाही, म्हणून त्यांची साक्ष चालेल. कलम ३ मधला आकडा दोनशे चार असा वाचावा.

कलम ६. निघताना उस्तादांनी स्वतःचे कार्ड मागितले. "कोरं ठेवलंस?" म्हणाले. टेबलावरची पेन्सिल घेतली, तळाला लिहिले 'खोकला', आणि पुढच्या फोनची तारीखही स्वतःच घातली, आजपासून तीन महिन्यांनी. म्हणाले, "चुकवलास तर बघ."

तो फोन मी करणार आहे. धाकटीने ते कार्ड खोक्यात सर्वांत पुढे ठेवावे, पण त्या तारखेआधी हात लावू नये. हा कागद नीट जपावा. उघडायची घाई करू नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला आणि तपासला.

सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: चावीवाला, शेजारचे दुकान. (सही)
साक्षीदार २: शिलाई मशीन दुरुस्ती, वय एकसष्ट. मृत्युपत्र करणाऱ्याशी नाते: काम शिकवले. (सही)

ठिकाण: जिन्याखालचे दुकान
दिनांक: नऊ, मंगळवार, दुपारी एक