दुसरा कंट्रोलर

नागाव, मंगळवार, दिवेलागणीनंतर

आज ती पेटी एकदाची पुरी झाली. तीन जुन्या व्हिडिओ गेमच्या मशीनच्या पोटातलं सगळं सामान एकाच फणसाच्या लाकडाच्या पेटीत, एकच पंखा, एकच बटण. आमच्या ह्यांनी आणि सूनबाईने, मीराने, आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून ती बनवली. मी आपली ओटीवर ताट घेऊन जेवले.

पण झोंबला तो टॉर्च. हे सोल्डरिंगने वायरींना डाख देत होते आणि मीरा टॉर्च धरून उभी. "जरा खाली. हां, तिथेच." लग्नानंतर हे रेडिओ उघडून बसायचे, तेव्हा हेच शब्द माझ्यासाठी असायचे. टॉर्च मी धरायचे. या वयात सुनेचा हेवा करावा? कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर त्याला पाप म्हणायच्या. तरी वाटतंच.

"आई, उद्या मी पुण्याला गेले की ही रोज थोडा वेळ चालू ठेवा हं," मीरा म्हणाली. "नाहीतर खाऱ्या हवेने आतून गंजेल."

"हिला कुठला त्यातला सोस!" हे हसले.

क्षणभर मनात आलं, गंजू दे. बंदच ठेवीन.

मग विचारलं, "कंट्रोलर किती आहेत?"

"दोन," मीरा म्हणाली.

"मग उद्यापासून दुसरा माझा. आणि पेटी बिघडली तर टॉर्चही मीच धरणार."

मीराने हातातला कंट्रोलर लगेच माझ्या मांडीवर ठेवला. गोड मुलगी आहे. म्हणून तर जास्त झोंबतं.