अकरा उशा आणि दुसरी खाट

धाकटे,

मागच्या पत्राचं उत्तर तुझ्या सुनेच्या अक्षरात का आलं? मी पत्र तुला लिहिलं होतं, तिला नाही. आणि लिहिलंय काय, तर 'आई न्हाणीत पडल्या होत्या, पण आता ठीक आहेत.' अगं, 'ठीक आहेत' हे वाक्य मी आयाच्या नोकरीत वॉर्डाच्या दारात उभी राहून तीस वर्षं नातेवाइकांना ऐकवलंय. ते कधी म्हणतात, हे मला शिकवू नका. (तुझ्या सुनेचं अक्षर मात्र सुरेख आहे. अक्षर चांगलं असलं की थाप मारायला सोपं जातं.)

आता रीतीचं. तुला आशीर्वाद, सुनेला रागासकट आशीर्वाद, बाकीच्यांना ज्याचा त्याला. माझी तब्येत तू विचारणार नाहीस म्हणून मीच सांगते. गुडघे बोलतात, दात गेले, बाकी सगळं जागच्या जागी आहे. जागेवर नाही ती फक्त माझी खोली.

झालं असं की माझी नात घरं सजवायचा वर्ग करते. शेवटच्या परीक्षेला एक खोली खरीखुरी सजवून दाखवायची असते, आणि सगळ्या घरात सजवण्यासारखी म्हणजे अगदीच हातातून गेलेली खोली तिला एकच दिसली, माझी. तिने मला फोनमध्ये चित्रं दाखवली. एकाही खोलीत माणूस नाही. मी विचारलं, ही माणसं गेली कुठे? तर म्हणाली, "आजी, माणूस आला की पसारा दिसतो." पोरगी हुशार आहे. मग भिंतीला रंग लागला. तो कोणता ते मला सांगता येणार नाही, पण वॉर्डात असा रंग कुणाच्या तोंडावर आला की आम्ही डॉक्टरांना हाक मारायचो. दिवे तीन लावले आणि उजेड एकाचाही पडत नाही. त्याला ऊबदार म्हणतात. (सुईत दोरा गेला नाही की मलाही ऊब चढते, पण ती डोक्यात.) पडदा असा की त्यातून चहा गाळावा. पलंग इतका बुटका की त्यावर झोपायचं म्हणजे आधी गुडघे टेकायचे, मग देवाचं नाव घ्यायचं आणि मग अंग सोडायचं. उठायची सोय त्यात केलेलीच नाही. आणि उशा अकरा! डोक्याला दोन, उरलेल्या नऊ बघायला. रोज झोपायच्या आधी नऊ जणींना उचलून खुर्चीत बसवायचं आणि सकाळी पुन्हा पलंगावर आणायचं. एवढी उचलठेव मी नोकरीतसुद्धा केली नाही, आणि तिथे निदान पेशंट कण्हून दाद तरी द्यायचे.

हे सगळं मी गिळलं. पण मग ती म्हणाली, खिडकीजवळची दुसरी खाट काढायची. तिथे वाचनाचा कोपरा करायचा. (या घरात वाचतं कोण? मी चौथीपर्यंत शिकले आणि तरी सगळ्यांत जास्त मीच वाचते, औषधांच्या बाटल्या.) तुला ती लोखंडी खाट आठवत असेल, इस्पितळाने जुन्या काढल्या तेव्हा मी दोन घरी आणल्या होत्या, त्यातली. तुझे भावोजी गेल्यापासून तिच्यावर धुतलेले कपडे झोपतात. नात म्हणते, एकट्या माणसाला दोन खाटा कशाला? मी म्हटलं, मग कपडे कुठे ठेवू? हे कारण मलाही पटलं नाही, पण खरं सांगायचं नव्हतं. शेवटी असं ठरलं की वर्गाच्या बाई बघायला येतील, त्या म्हणतील ते दोघींनी मान्य करायचं. त्या नको म्हणाल्या तर गुरुवारी भंगारवाला.

बाई आल्या. छान होत्या, पण डोळ्यांखाली काळं, अंगात त्राण नाही. खाटेकडे बघून नाक मुरडलं तेव्हाच मी समजले, गेली खाट. मग पलंगाकडे वळल्या. आता, त्या नव्या गादीवर मी सकाळीच मेणकापड घातलं होतं. नातीला विचारलं नव्हतं, पण मेणकापडाशिवाय गादी मी जन्मात कधी अंथरली नाही, हात ऐकत नाही. वर नातीची साटीनची चादर. बाई टेकल्या मात्र, आणि चादरीसकट, अकरा उशांसकट घसरगुंडीवरून यावं तशा जमिनीवर आल्या. पलंग बुटका म्हणून हाडं वाचली, तेवढा त्याचा उपयोग झाला.

नात किंचाळली. मला काय, जमिनीवर माणूस दिसलं की माझे हात आपोआप चालतात. बगलेत हात घातला, एका दमात उचललं, कपडे बाजूला सारून खिडकीजवळच्या खाटेवर निजवलं, चादर चारी बाजूंनी घट्ट खोचली, नाडी धरली आणि शेवटचं कधी जेवलात ते विचारलं. पुढे पोट साफ होतं का, हेही विचारलं. (नात खोलीतून निघून गेली.) बाई म्हणाल्या, "जेवले नाही हो सकाळपासून," आणि तिथेच झोपल्या. दोन तास! घोरल्या. उठल्यावर म्हणाल्या, या खोलीत शांत अशी एकच गोष्ट आहे, तिला हात लावू नका. नातीला पैकीच्या पैकी मिळाले. खाट राहिली. भंगारवाल्याला नऊ उशा देऊ केल्या, तो नको म्हणाला.

तुझी,
अक्का

ता. क. कपड्यांसाठी दोरी बांधून घेतली आहे. खाट मोकळी आहे.

ता. क. दुसरा. माया वगैरे म्हणून बोलावत नाही, उगाच डोळे पुसू नकोस. खाट उंच आहे, उतरताना कंबर वाकवावी लागत नाही. संडास सात पावलांवर, मोजली. मेणकापडही आहे, लाजायचं कारण नाही. माझा मुलगा रविवारी गाडी घेऊन येईल.

ता. क. तिसरा. येते की नाही ते तू स्वतः लिही. हात थरथरत असेल तर थरथरतं लिही, मी डॉक्टरांचं अक्षर वाचलेली बाई आहे. सुनेने फक्त पाकिटावर पत्ता घालावा.