न सोडलेली माती

इर्मट्राउट,

घटस्फोटानंतर बारा वर्षांनी तुला लिहितोय, तेही डाव्या हाताने. अक्षराला हसू नकोस. मार्चमध्ये माझ्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि तेव्हापासून उजव्या हाताची मूठ आवळलेलीच आहे.

इस्पितळात डोक्यावर तारांची टोपी घालतात, हातावर यंत्र चढवतात. मूठ उघडायचा विचार मेंदूत नीट उमटला, तरच यंत्र बोटं उघडतं. तीन आठवडे मी मनातल्या मनात सफरचंद सोडलं, दाराची कडी सोडली. यंत्र ढिम्म हललं नाही. शेवटी स्वान्ट्ये, म्हणजे माझी थेरपिस्ट, वैतागली. "होल्त्सरसाहेब, जे खरंच सोडायचं होतं, असं काहीतरी आठवा की."

मग आपल्या टिलची कबर आठवली. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. मी मातीने भरलेली मूठ तशीच काळ्या कोटाच्या खिशात घातली. "टाक रे, निरोप तरी दे त्याला," तू म्हणालीस. मी पाठ फिरवून निघून गेलो. त्यानंतर तू माझ्याशी धड बोलली नाहीस.

काल मनातल्या मनात ती माती सोडली आणि बोटं एकेक करून उघडली.

"काय आठवलंत?" स्वान्ट्येने विचारलं.

"सफरचंद," मी म्हटलं.

यंत्र काढलं की मूठ पुन्हा मिटते. तो काळा कोट अजून कपाटात आहे. त्याचा खिसा मी कधी झटकला नाही. हे पत्रही आता त्यातच ठेवतोय.

टिलचा बाप,
गेरोल्ड