तीन उंदरांची फुफ्फुसं

आबा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी काय काम करते हे तुम्हाला माहीतच नाही. मी औषधाचे कण बनवते, नॅनो म्हणतात त्यांना. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातला एक, एवढासा कण. तुम्ही टीबीच्या गोळ्या घ्यायचात, त्या अंगभर फिरायच्या, पोट जाळायच्या आणि फुफ्फुसात जेमतेम पोचायच्या. माझे कण श्वासातून थेट तिथेच जातात. ते मशीनवर पहिल्यांदा दिसले तेव्हा मी लॅबमध्ये नाचले होते, आबा.

सुरतेत कतारगामच्या खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, मी तुमचा डबा घेऊन यायची. लूम्सचा आवाज, हवेत धाग्याची धूळ, तुमच्या भुवया पांढऱ्या. कापडात तार सुटली की तुम्ही तिथे किनारीला लाल दोरा बांधायचात, घडी करणाऱ्याला खोट दिसावी म्हणून. बाकीचे कारागीर हसायचे, हा स्वतःच्या चुकीला राखी बांधतो म्हणायचे. शेठ माझ्यासमोर शिव्या द्यायचा. एकदा मी तो दोरा गुपचूप सोडला. तुम्ही मला बाहेर नेलंत आणि हळूच म्हणालात, "चूक व्हयी गयी ते व्हयी गयी, बेटा. दपाडू नको." लपवू नको. मग आत जाऊन परत दोरा बांधलात.

गेल्या वर्षी माझे कण दिलेल्या तीन उंदरांच्या फुफ्फुसात पांढरे चट्टे दिसले, तुमच्या एक्स-रेत होते तसेच. मी स्लाइड पुन्हा बनवली, पुन्हा बघितली, चट्टे तिथेच. त्यातला एक आणला तेव्हापासूनच आजारी होता, हे खरं. मी वहीत तिघांनाही आजारी लिहिलं आणि बाजूला काढलं. सर, म्हणजे माझे गाइड, फार चांगला माणूस, आकड्यांचं टेबल बघून एकदाच म्हणाले, "बेटा, बधा उंदर गण्या ने?" मी म्हटलं, हा सर, सगळे मोजले. संशोधनाचा पेपर छापून आला. आईने गल्लीत पेढे वाटले, म्हणाली, हे औषध तेव्हा असतं तर तुझे आबा वाचले असते. आता याच कणांची पावडर माणसांना देऊन बघायची परवानगी मागतोय. तुमच्यासारखीच खोकणारी माणसं. अर्जावर सरांची सही झाली आहे.

हे पत्र खरं तर सरांना लिहायचं होतं. दोनदा वर 'सर' लिहिलं आणि खोडलं. त्यांची केबिन माझ्या टेबलापासून वीस पावलांवर आहे, आणि ते वाचतील. म्हणून तुम्हाला लिहिलं.