सासऱ्यांच्या बोटीची सोंड

२ मे, शुक्रवार
ठरलं. सासऱ्यांच्या बोटीचं काम मीच करणार. १२ तारखेला ते मोठ्या मेहुण्याकडे कायमचे राहायला चाललेत. तिथे ना समुद्र, ना नदी. त्याआधी रविवारी त्यांना एक फेरी मारायचीय, त्यांनी स्वतः बांधलेल्या बोटीतून. बायकोने विचारलं, नऊ दिवसांत होईल का? मी नुसता हसलो.

३ मे, सकाळी ७
यार्डात पाहणी. बोट टेकूंवर उभी. नाकासमोर सोंडेसारखा आलेला दांडा, म्हणजे बोस्प्रिट, पार गेलाय. पुढचं शीड यालाच ताणून बांधतात, तेव्हा हयगय नको. बोल्ट गंजलेले, तारा ताणायचे टर्नबकल जाम. सगळं बदलणार. बायको म्हणाली, आधी सुताराला दाखव. कशाला? रंग उडालाय, दिसतंय की.

दुपार
दांडा काढला. त्याबरोबर पुढची तार सुटली आणि डोलकाठी मागे कलली. बायकोने धावत जाऊन ती दोराने खांबाला बांधली. मी तेच सांगणार होतो.

४ मे
मापं घेतली. कागद हरवतात, म्हणून थेट दांड्यावरच पेन्सिलीने लिहिली. डोकं लागतं.

५ मे
दांडा नमुना म्हणून सुताराकडे न्यायचा, तर गाडीत मावेना. चार तुकडे केले. डिकीत छान बसले.

संध्याकाळ
सुतार बराच वेळ तुकड्यांकडे बघत होता, मग माझ्याकडे. म्हणाला, साहेब, नमुना अख्खा लागतो. शिवाय लाकूड आतून ठणठणीत आहे, नुसते बोल्ट बदलले असते तरी वीस वर्षं निघाली असती. सुतारांना प्रत्येक लाकूड चांगलंच वाटतं. मग त्याने मापं विचारली. जाडीच्या आकड्यावरूनच करवत गेलीय. ११ सेंटिमीटर आहे किंवा १७. तो तुकडाच मोजायला निघाला, मी म्हणालो, जुनं लाकूड आक्रसतं, सतरा धरा. मजबुती महत्त्वाची.

७ मे
उद्यापासून पहाटे पाचला उठून टर्नबकल बसवणार.

८ मे, सकाळी ९.४०
उठलो.

९ मे
नवा दांडा आला. देखणा आहे. बोटीवरच्या खाचेत जात नाही. अकरा होता तर.

१० मे
सकाळपासून तासतोय. सुतार म्हणाला, आठवडा लागेल. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत. टर्नबकल तारेपेक्षा एक साइझ मोठे निघाले. बायको म्हणाली, बाबांनी उद्यासाठी नवी टोपी आणलीय. उद्या सहाला उठून संपवतोच.

११ मे, रविवार
बायकोने परवाच एका मच्छीमाराची होडी ठरवून ठेवली होती. मला न सांगता! जागा तिघांची: तो, ती आणि सासरे. मी यार्डात, हातात रंधा. होडी समोरून जाताना त्याने सुकाणू सासऱ्यांच्या हातात दिलं. ते ताठ बसले. मग इकडे वळून कितीतरी वेळ हात हलवत राहिले. मला भरून आलं. रंधा ठेवून मीही दोन्ही हात हलवले. म्हणजे रागावलेले नाहीत.

रात्री जेवताना बायकोला तसं म्हणालो. ती म्हणाली, बाबांना एवढ्या लांबून माणसं ओळखू येत नाहीत. ते बोटीला हात करत होते.