एका विटेच्या अंतरावरून हजर

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार (मान आखडली आहे, तेव्हा बसल्या बसल्या घातलेलाच गोड मानून घे). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचं घोरणं कमी झालं का? आमच्याकडे सगळे ठणठणीत. दादाही ठणठणीत असावा, कारण भिंतीपलीकडून त्याचं खाकरणं ऐकू येतं. माझ्या शिलाई मशीनच्या खडखडाटाला वैतागून त्याने मधलं दार विटांनी बुजवलं, तेव्हापासून बोलणं बंद. ते दार परत उघडावं म्हणून मी दावा लावला आणि कोर्टात चपला झिजवल्या, हे तू जाणतेसच.

तर आता कोर्टाने घरबसल्या फोनवरून हजर राहायची सोय केली. मला कोण आनंद! तुझा भाऊ शिंपी, कपड्यांत कमी पडून कसं चालेल? एका गिऱ्हाइकाचा शिवायला घेतलेला कोट चढवला (उजवी बाही अजून टेबलावरच होती, पण ती बाजू शिताफीने फोनबाहेर ठेवली, कोटाखाली काय होतं ते विचारू नकोस). सुनावणी सुरू झाली. मी तोंड उघडलं की माझा आवाज भिंतीतून दादाच्या फोनमध्ये, तिथून कोर्टात, कोर्टातून परत माझ्याकडे, आणि वर शिट्टी! न्यायाधीश बाईंनी कान झाकून विचारलं, तुम्ही दोघं एकमेकांपासून किती लांब आहात? मी म्हटलं, एक वीट. (आमच्या वकिलांनी कपाळाला हात लावला.) मग शपथेसाठी उजवा हात वर करायला सांगितलं. केला. बिनबाहीचा, आतल्या बनियनसकट. ताई, दादा हसला गं! आधी भिंतीतून, मग फोनमधून. इतक्या वर्षांनी हसला आणि मला दोनदा ऐकायला मिळालं. डोळ्यांत पाणी आलं, तुझ्यापासून काय लपवू?

शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, दोघे एकाच फोनसमोर बसा. कोर्टाचा हुकूम! मी तसाच, एका बाहीनिशी, रस्त्याने वळसा घालून दादाच्या दारात. वहिनीने बाक पुढे सरकवला. फोनमध्ये मावायचं म्हणून खांद्याला खांदा लावून बसलो आणि एकमेकांविरुद्ध हिरिरीने बोललो. मध्येच त्याने माझ्या कोटाचा लोंबणारा दोरा तोडला. ‘उसवतोय,’ म्हणाला. एवढंच. मग पुढची तारीख पडली.

भावोजींना नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

तुझा धाकटा

ता. क. पुढच्या तारखेला तुझी साक्ष आहे, तीही फोनवरूनच. त्या भिंतीत दार होतं असं तू सांगितलंस की दावा निकालात निघेल आणि आमचं एका बाकावर बसणंही संपेल. तेव्हा कृपा कर, त्या दिवशी तुझं नेट गेलेलं असू दे.

आणखी एक ता. क. वरचं राहू दे, तू बेलाशक खरं सांग. आत्ता धाडधाड आवाज आला म्हणून धावत गेलो. माझं नेट मरतुकडं, म्हणून स्वतःच्या नेटची तार मला द्यायला दादाने गवंडी बोलावलाय आणि भिंतीला भोक पाडून घेतोय. गवंडी म्हणाला, तारेला बोटभर पुरे. दादा म्हणाला, ‘नको. दोन्ही बाह्यांचा कोट घालून माणूस येईल, एवढं पाड.’