माली देशातलं पुंजाजींचं घर

चि. दीक्षा हिस,

संतराम मोठेबाबांचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळं क्षेम आहे. (क्षेम म्हणजे नेहमी असतं तसं.) तुझ्या मोठीआईचे गुडघे, तुझ्या आईची ॲसिडिटी आणि तुझ्या बाबांचा स्वभाव, तिन्ही जागच्या जागी आहेत. माझे कान मात्र महिन्याभरापासून जड झाले आहेत, पण काळजी करू नकोस, डॉक्टरकडे जाण्याइतके नाहीत. तुझ्या मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते असं तू म्हणाली होतीस, तिचा शोध लागला का ते कळव.

एकतीस वर्षं शाळेत कारकुनी केल्यामुळे 'विषय' लिहिल्याशिवाय मला पुढची ओळ सुचत नाही. तर विषय : तू पीएच.डी. सोडून परत येणे. तुझी फेलोशिप अकरा महिने आलेली नाही, इकडे प्रेमानंदने (म्हणजे तुझ्या बाबांनी) वरच्या मजल्याचा स्लॅब काढला आहे, तुझ्या भावाचं, स्वप्निलचं, लग्न वर्षावर आलं आहे आणि हिंगोलीत कंत्राटी का होईना, एक जागा निघाली आहे. "दादा, तुमीच लिवा तिला, तुमचं ऐकती ती," असं म्हणून त्याने हे काम माझ्यावर ढकललं. मी समजावणारच आहे. पण त्याआधी तुझ्या प्रबंधाने डोंगरकड्यात काय करून ठेवलं ते वाच.

तू सारांश मराठीत करायला पाठवलास तेव्हा 'अतिकर्जबाजारी गरीब देशांतील स्थिर भांडवल गुंतवणूक' हे नाव वाचूनच मला धाप लागली होती. मग तू फोनवर सांगितलंस की स्थिर भांडवल म्हणजे यंत्रं, इमारती, रस्ते, पूल, वर्षानुवर्षं कामी येणाऱ्या वस्तू. मी म्हटलं, अगं, ही तर माझी जडवस्तू नोंदवही! शाळेची बाकं, घंटा, पृथ्वीचा गोल, सगळं तिच्यात मीच सांभाळलं. त्यातलं मोडकं स्टूल निर्लेखित करायचं (म्हणजे वहीतून काढून टाकायचं) तरी समितीच्या तीन सह्या लागायच्या. इथे तीसपेक्षा जास्त देशांची कर्जंच्या कर्जं निर्लेखित झाली हे वाचून मला त्या समितीबद्दल आदर वाटला.

भाषांतर झालं. ते टाइप करायला मी डोंगरकड्याला मुजाहिदच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. शेवटी तुझा तक्ता होता : नाव, मंजुरीचे वर्ष, पूर्णतेचे वर्ष. (देशाला माफी कधी मंजूर झाली आणि कधी पूर्ण झाली, ते.) 'कर्जमाफी मिळालेले देश' हा मथळा नेमका आधीच्या पानावर राहिला. हे तक्त्याचं पान फिकट उमटलं म्हणून मुजाहिदने दुसरं छापलं आणि पहिलं तिथेच टेबलावर ठेवून दिलं. आता तूच सांग, ज्या दुकानात रोज पन्नास माणसं "घरकुलाची यादी आली का?" असं विचारत येतात, तिथे नाव, मंजुरी आणि पूर्णता असे तीन रकाने असलेलं पान दुसरं काय असणार?

बेनिन आणि टोगो ही परगावची मंडळी असतील म्हणून लोकांनी सोडून दिली. पुढे 'चाड : मंजुरी २००१, पूर्ण २०१५' असं होतं. ते वाचून तिथे यादीसाठीच आलेला दगडोबा म्हणाला, "चाड यायला चौदा वर्सं लागली. आपल्याकडं आजून न्हाई आली." आणि मग पुंजाजी माळ्याला आपलं नाव दिसलं. 'माली : मंजुरी २०००, पूर्ण २००३.' टाइप करणाऱ्याने ळ चा ल केला, हे तो आयुष्यभर भोगत आलेला माणूस.

पुंजाजीचं घर तुला माहीत आहे. चार पत्रे, त्यावर दगड, आणि वावटळ आली की दगडांवर पुंजाजी. तो ते पान घेऊन थेट ग्रामपंचायतीत शिरला. "माझं घर दोन हजार तीनलाच बांधून झालं व्हय? मंग मी काहून पत्र्याखाली राहून राहिलो?" त्याच्या मागे साठ-सत्तर माणसं. ग्रामसेवक नवीन, वीस वर्षांपूर्वीचं त्याला काय ठाऊक! पण त्याने पान पाहिलं, घाम पुसला आणि चौकशी करतो म्हणून लेखी देऊन टाकलं. (पान कुठलं, हे त्यानेही विचारलं नाही. बहुधा विचारायची हिंमत झाली नसावी.)

संध्याकाळी मुजाहिद घाबरून मला मोटरसायकलवर घालून डोंगरकड्याला घेऊन गेला. पारासमोर उभं राहून मी सगळ्यांना सांगितलं की माली हा आफ्रिकेतला देश आहे. सगळे हसले, पुंजाजी हसला नाही. त्याने विचारलं, "त्यायचं कर्ज माफ झालं ना? मंग त्यायनं तरी बांधलं का घर?"

दीक्षा, तुझ्या मार्गदर्शकांनीही असा प्रश्न विचारला नसेल. मी तुझा आलेख काढला आणि जमेल तसं सांगितलं. गुंतवणुकीची रेघ १९८० च्या सुमाराला खाली बसते, आणि माफी मिळाल्यावरही बऱ्याच देशांत ती लगेच उठत नाही. का? तर ओढाताण सुरू झाली की सावकार दारात ओरडतो, पगारवाले रस्त्यावर ओरडतात, त्यांना आधी द्यावं लागतं. न बांधलेला पूल काही ओरडत येत नाही. म्हणून कात्री पहिल्यांदा त्याच्यावर चालते, आणि एकदा तशी सवय लागली की पैसा आला तरी सवय जात नाही. बांगड्यांच्या दुकानातल्या खुर्शीदबी मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "लेकरू रडल्याबिगर माय बी दूध पाजत न्हाई, बाबा." मी चाळीस मिनिटं घेतली होती, त्यांनी एका वाक्यात उरकलं.

गंमत पुढेच आहे. चौकशीत पुंजाजीचा अर्ज खरोखरच फायलीत सापडला, कुणीतरी वर चहाचा कप ठेवून गोल डाग पाडलेला. घरकुल मंजूर झालं आणि गेल्या सोमवारी पाया खणला. माली देशाचे आभार मानायला कुठल्या पत्त्यावर लिहायचं, असं तो विचारतो आहे. मला वाटतं, आभार त्याच्या घशाचे मानायला हवेत.

असो. मूळ विषय. दीक्षा, तू पीएच.डी. सोड आणि परत ये. (विषय समाप्त. एवढी एक ओळ प्रेमानंदला वाचून दाखवली आहे, त्याला पसंत पडली.)

तब्येतीला जप, वेळेवर जेव.

तुझे
मोठेबाबा

ता. क. १ : मोठीआई माळ्यावरची जळमटं ज्या लाकडी पट्टीने काढते ती तू लहानपणी तलवार म्हणून घ्यायचीस. तो टी-स्क्वेअर आहे, इमारतींचे नकाशे आखायचा. नांदेडच्या पॉलिटेक्निकला मी दीड वर्ष होतो. घरात ओढाताण झाली तेव्हा सगळ्यात आधी ते बंद झालं. प्रेमानंद तेव्हा लहान होता, नव्या चपलेसाठी गल्ली गोळा होईपर्यंत रडला, त्याला चप्पल मिळाली. मी शहाण्या मुलासारखा गप्प बसलो. सगळ्यांनी माझं फार कौतुक केलं, आणि त्या कौतुकाचा मला आजही राग येतो. तेवढी एक वस्तू मी अजून निर्लेखित केलेली नाही.

ता. क. २ : प्रेमानंद वाईट माणूस नाही. स्लॅबवाला रोज दारात येतो, तू येत नाहीस, एवढंच आहे. तेव्हा रविवारी दुपारी फोन कर. आपल्या घरात प्रत्येक फोन स्पीकरवर असतो (म्हणून तर हे पत्र), मी शेजारीच बसलेला असेन. बाबांना सांग, मला शिकायचंय. गोड आवाजात सांगू नकोस. ओरड. तू एकदा ओरडलीस की पुढचं मी ओरडतो, माझं सेहेचाळीस वर्षांचं साठलेलं आहे.

ता. क. ३ : माझे कान ठणठणीत आहेत. पण बहिरा झालोय असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, म्हणजे तू कितीही मोठ्याने बोललीस तरी तुला कुणी हळू बोल म्हणणार नाही.